वाचकांचे प्रश्न : प्रकल्प वाढले, तूटही वाढली

प्रश्न : आमची धोरण-अभ्यास संस्था आहे. वर्षाचा खर्च एक कोटीच्या घरात. देणगीदार प्रशासकीय खर्चासाठी १० टक्के देतात. हाताशी चार प्रकल्प असूनही कार्यालयाचं भाडं आणि लेखापालाचा पगार निघत नाही. कुठे चुकतंय?

१० टक्के कशाचे, हे करारात आधी पाहा. समजा, तुमच्या एक कोटीपैकी ८० लाख प्रकल्पांचा थेट खर्च आहे आणि २० लाख कार्यालयाचा. एकूण खर्चाच्या हिशेबाने कार्यालय २० टक्के, पण थेट खर्चाच्या हिशेबाने तेच २५ टक्के होतं. देणगीदार बहुधा थेट खर्चावर टक्केवारी लावतो. म्हणजे हाती आले ८ लाख आणि १२ लाखांचा खड्डा पडला. याच दराने पाचवा प्रकल्प घेतलात आणि त्यासाठी माणसं-जागा वाढवलीत, तर खड्डा आणखी खोल जाणार.

यावर उपाय म्हणजे प्रकल्पाला सरळ लागू होणारा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच घालायचा. भाडं महिना ६०,००० आणि बसायच्या जागा १२ असतील, तर एका खुर्चीमागे महिन्याला ५,००० पडतात. दोन संशोधक वर्षभर लागणार असतील, तर त्या प्रकल्पाच्या नावे भाड्याचे १,२०,००० लिहा. पगाराची वाटणी वेळपत्रकावरून (कोणी कोणत्या प्रकल्पाला किती वेळ दिला, याची नोंद) करा. ते दर पंधरवड्याला भरावं, अर्ध्या दिवसाच्या हिशेबाने. मार्चअखेर आठवून भरलेली वेळपत्रकं कशी पकडली जातात? एकच संशोधक एका प्रकल्पात ६० टक्के आणि दुसऱ्यातही ६० टक्के निघतो.

एक सावधगिरी बाळगा. परदेशी देणगी घेत असाल, तर खर्चाचं नुसतं शीर्षक बदलून भागत नाही. २०२० च्या दुरुस्तीने एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांचं नियमन करणाऱ्या कायद्याखालची प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. लेखापालाचा पगार प्रकल्पाच्या नावावर टाकला, तरी नियमांच्या लेखी तो प्रशासकीयच. मात्र मुख्यतः संशोधन करणाऱ्या संस्थेत क्षेत्रीय माहिती गोळा करणाऱ्या वा तिचं विश्लेषण करणाऱ्यांचे पगार त्यात धरत नाहीत. ही सवलत तुमच्यासारख्यांच्या फार उपयोगाची आहे. तेव्हा नेमणूकपत्रात कामाचं स्वरूप नीट लिहा; नुसतं ‘कार्यक्रम अधिकारी’ लिहून काहीच सिद्ध होत नाही.

प्रश्न : आधी कोणाला नेमावं? सीए वर्षातून एकदा येतात.

पूर्णवेळ लेखापाल. वर्षाअखेरीला येणाऱ्या सीएला चूक दिसते, पण तोवर पैसे खर्च झालेले असतात. महिन्याचं वेळापत्रक बांधून द्या : ७ तारखेपर्यंत आधीच्या महिन्याचा टीडीएस भरणं, १० पर्यंत बँकेचा ताळमेळ, १५ पर्यंत प्रत्येक प्रकल्पप्रमुखाच्या हाती मंजूर रक्कम, झालेला खर्च आणि शिल्लक यांचा एकपानी तक्ता. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक प्रकल्पाचं कॉस्ट सेंटर, म्हणजे खर्चाचा वेगळा कप्पा, पहिल्या दिवसापासून उघडा. नाहीतर विनियोग प्रमाणपत्र (देणगी कशावर खर्च झाली याचा दाखला) एक्सेलमध्ये जुळवावं लागतं आणि ते खातेवहीशी जुळत नाही.

माणसं तीनच असली, तरी कामं वाटता येतात. व्हाउचर लेखापालाने करावं, मंजुरी संचालकांनी द्यावी आणि बँकेचं विवरण कोषाध्यक्षांनी स्वतः डाउनलोड करून घ्यावं. लेखापालाने छापून आणलेलं विवरण तपासण्यात काय अर्थ?

प्रश्न : दोन विश्वस्त बदलले. बदल अर्ज कधी द्यायचा?

बदल झाल्यापासून ९० दिवसांत, धर्मादाय कार्यालयात, परिशिष्ट ३ मध्ये. सोबत सभेची सूचना, इतिवृत्त, जाणाऱ्यांचे राजीनामे आणि येणाऱ्यांची संमतिपत्रं जोडा. अर्ज अडकतो तो बहुधा सूचनेपाशी : संस्थेच्या घटनेत सभेच्या सूचनेसाठी १५ दिवसांची मुदत असते आणि सभा आठव्याच दिवशी उरकलेली असते. आधीचा एखादा बदल अर्ज प्रलंबित आहे का, तेही पाहून घ्या. असेल तर त्याचा क्रमांक नव्या अर्जात द्या.