घरात, आपल्यासमोर पिऊ दे?

प्रश्न : मुलगा सतरा वर्षांचा, बारावीला आहे. थर्टीफर्स्टला मित्रांबरोबर बियर पिऊन आला. मी रडले, पण हे म्हणतात, "बाहेर चोरून पिण्यापेक्षा घरात आपल्यासमोर घेऊ दे, प्रमाणात राहील. आणि बियर म्हणजे काय दारू थोडीच?" मला पटत नाही, पण उत्तर सुचत नाही.
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, तुम्हाला पटत नाही तेच बरोबर आहे. व्यसनमुक्तीच्या कामात हे वाक्य मी वडिलांच्या तोंडून सतत ऐकते. पोराच्या काळजीनेच ते बोलतात, म्हणून त्यांच्याशी भांडू नका. हिशोब मांडा.

स्ट्राँग बियरच्या बाटलीवरचं लेबल त्यांना वाचायला सांगा. ६५० मिली, अल्कोहोल ८ टक्क्यांपर्यंत. म्हणजे ५२ मिली निव्वळ अल्कोहोल. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये ते जेमतेम १३ मिली असतं. एका बाटलीत चार पेग झाले! सतरा वर्षांच्या लेकापुढे चार पेग भरून ठेवायला यांचा हात धजावेल का?

आता 'घरात दिली की प्रमाणात राहील' हे. ऑस्ट्रेलियात सुमारे १,९०० मुलांची सहा वर्षं पाहणी झाली, निष्कर्ष २०१८ मध्ये आले. आईवडिलांनी दिल्यामुळे मुलं सांभाळून पितात, असं काही दिसलं नाही. उलट ज्यांना फक्त घरून मिळत होती, त्यांनी पुढच्या वर्षी बाहेरूनही मिळवण्याची शक्यता दुप्पट निघाली. पोरगं यातून 'घरची परवानगी आहे' एवढंच उचलतं. शिवाय मेंदूतला सारासार विचार करणारा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो.

कायदाही सांगून ठेवते. महाराष्ट्रात बियरला २१, इतर दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात. अठराच्या आतल्या मुलाला दारू दिली, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. आईवडिलांना त्यात सूट नाही.

लेकाशी मात्र शांतपणे, दिवसा बोला. मित्र काय म्हणतात, नाही म्हणणं का जड जातं, ते आधी ऐकून घ्या. आणि एक ठरवूनच टाका : कधीही, कितीही वाजता फोन कर, बाबा न्यायला येतील, त्या रात्री एक शब्द विचारणार नाहीत. प्यायलेल्या मित्राच्या गाडीवर मात्र मागे बसायचं नाही.

पिऊन आलाच, तर लिंबूपाणी किंवा कॉफी पाजून उतरत नाही, त्याला तास जावे लागतात. कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही, आणि जवळ बसून राहा. हाक मारून, हलवून उठत नसेल, श्वास संथ किंवा तुटक वाटला, अंग गार पडलं, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच १०८ ला फोन करा आणि दारू प्यायलाय हे स्पष्ट सांगा.