वाचकांचे प्रश्न : स्पीकर मोठे, पण खर्ज कुठे?

प्रश्न : गुहागरजवळ आमचं जांभ्याच्या भिंतींचं कौलारू घर आहे. 18 बाय 12 फुटांची खोली फक्त गाणी ऐकायला ठेवली आहे. 10 इंची वूफरचे दोन उभे स्पीकर भिंतीपासून 4 फूट पुढे आहेत आणि खुर्ची खोलीच्या बरोबर मधोमध. भजन लावलं की पखवाज ढोलकीसारखा ऐकू येतो. मागच्या दाराच्या उंबऱ्यात उभं राहिलं की मात्र तोच आवाज भरदार लागतो. सबवूफर घ्यावा का?

उत्तर : इतक्यात घेऊ नका. उंबऱ्यात आवाज भरदार लागतो, याचा अर्थ स्पीकर खर्ज देताहेत. तो तुमच्या खुर्चीपाशी नाहीसा होतो आहे.

आधी वायरची पोलॅरिटी, म्हणजे धन-ऋण जोडणी बघा, याला पाच मिनिटं लागतात आणि खर्च शून्य. एका स्पीकरचा वूफर बाहेर येताना दुसऱ्याचा आत जात असेल, तर दोघांच्या बरोबर मध्ये बसणाऱ्याला खर्ज जवळपास मिळतच नाही, बाजूला सरकलं की मिळतो. ॲम्प्लिफायर बंद करून एकाच स्पीकरची लाल आणि काळी वायर अदलाबदल करा आणि तेच गाणं पुन्हा लावा. खर्ज वाढला तर आधीची जोडणी चुकली होती. दोन्ही स्पीकरच्या वायर उलटल्या तर काहीच फरक कळणार नाही. वूफर कधी दुरुस्तीला जाऊन आला असेल तर आतली जोडणीही उलटी झालेली असू शकते. तेव्हा ॲम्प्लिफायरच्या वायर काढून 1.5 व्होल्टचा पेन्सिल सेल स्पीकरच्या टर्मिनलला क्षणभर टेकवा, धन टोक लाल टर्मिनलला. दोन्ही वूफरचा कोन, म्हणजे पुढचा हलणारा पडदा, बाहेरच सरकायला हवा.

वायर ठीक निघाली, तर दोष जागेचा. तुमच्या खोलीची मापं त्याचा हिशोब सांगतात. कोकणातल्या 30 अंशांच्या हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 349 मीटर असतो. 18 फूट म्हणजे साधारण 5.5 मीटर. या लांबीत आवाज समोरच्या आणि मागच्या भिंतीमध्ये मागे-पुढे आपटत राहतो आणि पहिली लहर 32 हर्ट्झला जागच्या जागी उभी राहते, तिसरी 95 हर्ट्झला, आणि या दोन्ही लहरी खोलीच्या बरोबर मधोमध शून्यावर येतात. तुमची खुर्ची नेमकी तिथे आहे. उंबरा भिंतीच्या रेषेत आहे, तिथे याच लहरी सर्वांत जोरात असतात.

खर्जातला हा एक खड्डा. दुसरा खड्डा स्पीकरच्या मागच्या भिंतीने पाडला आहे. खर्ज चारी बाजूंना पसरतो. भिंतीवर आपटून परतलेला आवाज अर्धी लहर उशिरा आला की थेट आवाजाला खाऊन टाकतो. वूफरपासून भिंतीपर्यंतच्या अंतराची चौपट करून त्याने 349 ला भागा. 4 फूट म्हणजे 1.22 मीटर, उत्तर येतं 72 हर्ट्झ. 72 आणि 95 दोन्ही जागी खड्डा पडला, तर पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूचा भरीवपणा जाणारच. उरते ती चाट, कडेवरचा टणक आवाज.

आता हलवाहलव. आधी फक्त खुर्ची समोरच्या भिंतीपासून 11 ते 12 फुटांवर न्या. मागे सरकताना 13.5 फुटांवर थांबू नका, तिथे 64 हर्ट्झची दुसरी लहर शून्यावर येते. रुंदीच्या दिशेने खुर्ची मध्यावरच राहू द्या. 12 फुटांच्या रुंदीतली 48 हर्ट्झची लहर, दोन्ही स्पीकर बाजूच्या भिंतींपासून सारख्या अंतरावर असले की, मुळात उठतच नाही. मग स्पीकर मागे घ्या, असे की वूफरची पुढची बाजू भिंतीपासून 18 ते 20 इंचांवर येईल. म्हणजे तो खड्डा 72 वरून 170 हर्ट्झच्या वर जातो आणि त्याखालच्या सगळ्या खर्जाला भिंतीचा आधार मिळतो. कॅबिनेटच्या मागे पोर्टची नळी असेल तर तिच्या आणि भिंतीच्या मध्ये किमान 5 इंच मोकळे ठेवा. प्रत्येक वेळी 6 इंचच सरकवा, जमिनीवर चिकटपट्टीची खूण करा आणि गाण्याचा तोच अर्ध्या मिनिटाचा तुकडा ऐका. 40 ते 120 हर्ट्झचे सूर 5-5 ने वाढवत वाजवलेत तर खड्डे अधिक स्पष्ट कळतील, मात्र आवाज बेताचा ठेवा. पोर्ट ज्या सुराला जुळवलेला असतो त्याच्या खालच्या सुरांना कोनला हवेचा आधार राहत नाही, तो गरजेपेक्षा जास्त हलतो आणि कॉइल (कोनमागची तारेची गुंडाळी) आपटते.

खर्जाचा नॉब पिळून हे भरून निघणार नाही. 10 डेसिबल वाढवायला ॲम्प्लिफायरकडून दहापट वॉट लागतात. शिवाय थेट आवाजाबरोबर परतणारा आवाजही तेवढाच वाढतो, त्यामुळे खड्डा तसाच राहतो.

कौलारू घराबद्दल एक गोष्ट. जांभ्याची भिंत खर्ज चांगला परतवते, पण कौलांतून आणि वाशांच्या फटींतून तो निसटतो. म्हणून स्लॅबच्या खोलीइतका भराव इथे मिळत नाही, तसा घुमारही कमी होतो. या घरात स्पीकर भिंतीजवळ ठेवणंच योग्य. हे सगळं करूनही 40 हर्ट्झच्या खाली पोकळी जाणवली, तरच सबवूफरचा विचार करा.

प्रश्न : मालवणात किनाऱ्यालगत घर आहे. 20 वर्षांपूर्वीचे स्पीकर पावसाळ्यानंतर फुसके वाजतात आणि मोठ्या आवाजात फडफडतात. जाळी काढल्यावर वूफरच्या कडेचा फोम बोटाला चिकटून आला. नवे घ्यावेत का?

उत्तर : कोन आणि कॉइल शाबूत असेल तर नक्कीच नाही. कोनच्या कडेच्या त्या गोल पट्टीला सराउंड म्हणतात. दमट हवेत फोम आतून कुजतो. तो फाटला की कोनच्या पुढची आणि मागची हवा एकमेकांत मिसळते आणि खर्ज तिथेच संपतो. मल्टिमीटरने वूफरचा रोध बघा, 8 ओमच्या वूफरला साधारण 5.5 ते 7 दिसला पाहिजे. मग कोन दोन्ही हातांच्या बोटांनी सारखा दाबून पाहा. खरखर आली तर कॉइल घासते आहे, असा वूफर कारागिराकडे द्या.

खरखर नसेल तर सराउंड घरीही बदलता येतो. कोनचा व्यास, सराउंडच्या फुगवट्याची रुंदी आणि फ्रेमची आतली कड अशी तिन्ही मापं घेऊनच मागवा. जुना फोम आणि डिंक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण सोलून काढा. यात सर्वांत जास्त वेळ जातो, आणि बहुतेक दुरुस्त्या इथल्याच घाईने फसतात. नवा सराउंड आधी कोनला चिकटवून सुकू द्या, नंतर फ्रेमला. फ्रेमचा डिंक ओला असतानाच कोन हलकेच खाली-वर करून बघा आणि खरखर थांबेल असा मध्यावर आणा. सुपरग्लू वापरू नका, तो कडक होतो. डिंक सुकायला 24 तास, पावसाळ्यात 2 दिवस. दोन्ही वूफर एकाच वेळी करा, नाहीतर दोन बाजूंचा आवाज जुळत नाही. किनाऱ्यावर रबरी सराउंड जास्त टिकतो. तो किंचित जड असल्याने आवाज थोडा कमी होईल, तरी आमचं मत रबराच्याच बाजूने आहे.

वूफर उघडाच आहे तर टर्मिनलवरचा हिरवट गंज बारीक पॉलिश पेपरने घासा आणि पोर्टच्या नळीत टॉर्च मारा. कुंभारीण माशी तिथे मातीचं घर बांधते. कॅबिनेटच्या तळाचा भुसा-बोर्ड फुगून सांधा सुटला असेल तर आधी तो बुजवा. हवा गळणाऱ्या पेटीत नवा सराउंड घालून उपयोग नाही.

प्रश्न : रत्नागिरीत फ्लॅट आहे. होम थिएटरच्या रिसीव्हरला मोठे स्पीकर जोडले आहेत, सबवूफर नाही. खर्ज अगदीच कमी का?

उत्तर : रिसीव्हरच्या स्पीकर सेटिंगमध्ये ‘सबवूफर’ चालू आणि समोरचे स्पीकर ‘स्मॉल’ राहिले असणार. मग 80 हर्ट्झच्या खालचा सगळा खर्ज रिसीव्हर त्या रिकाम्या जागी पाठवतो. सबवूफर ‘नाही’ करा आणि समोरचे स्पीकर ‘लार्ज’ ठेवा.

प्रश्न : रात्री हळू आवाजात खर्ज लागत नाही, दिवसा लागतो. समुद्र घराच्या मागेच आहे. खोलीच्या कोपऱ्यांत अंड्यांचे ट्रे लावले तर फायदा होईल का?

उत्तर : नाही. 50 हर्ट्झच्या सुराची लांबी 7 मीटर असते, त्याला ट्रे किंवा 2 इंची काथ्याची गादी दिसतही नाही. तुमचा प्रश्न कानाचा आहे. आवाज कमी केला की कान खर्जाला आधी बहिरा होतो. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी 1933 मध्येच हे मोजून दाखवलं आहे. त्यावर समुद्राची गाज हळू वाजणारा खर्ज आणखी झाकते. ॲम्प्लिफायरवर ‘लाउडनेस’चं बटण असेल तर रात्री ते चालू ठेवा, दिवसा मोठ्या आवाजाला बंद करा. बटण नसेल तर बेसचा नॉब 4 ते 6 डेसिबल वर घ्या. हळू आवाजात ॲम्प्लिफायरवर त्याचा ताण येत नाही. आणि समुद्राकडची खिडकी लावून घ्या.