आरशावरचा ६० चा आकडा

बाय गो,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. फोनवर घाईघाईत बोलण्यासारखं हे नाही, म्हणून सकाळी चहा झाल्याबरोबर लिहायला बसले.

वजन ११२, उंची पाच फूट दोन इंच. स्लीव्हची, म्हणजे वजन उतरवायला जठर लहान करण्याच्या ऑपरेशनची, तारीख दिवाळीनंतरची, आणि मे महिन्यात लग्न. आरशावर तू कागद चिकटवला आहेस, ६० लिहून. ऑपरेशनचा निर्णय तू आणि डॉक्टरांनी मिळून घेतलाय, आणि मला तो योग्य वाटतो. तुझी शुगर, तुझे गुडघे, झोपेत अडकणारा श्वास, हे सगळं ऐकल्यावर तर नक्कीच. मला बोलायचंय ते त्या कागदाबद्दल.

शाळेत मी तुला शेकडेवारी शिकवली, तीच आता कामाला येईल. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण भाग, थोडा जास्तच, काढतात. भूक जागवणारं घ्रेलिन हे हार्मोन जिथे तयार होतं, तो बराचसा भागही त्यात जातो. म्हणून सुरुवातीचे महिने भूक अशी लागतच नाही. एवढं झाल्यावर वर्ष-दीड वर्षात मूळ वजनाचा साधारण पाव हिस्सा उतरतो. बायपासमध्ये, म्हणजे हृदयाचा नव्हे, जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात त्या ऑपरेशनमध्ये, तीस टक्क्यांच्या आसपास. ११२ चा पाव हिस्सा २८. म्हणजे तू ८४ च्या आगेमागे येशील, छान जमलं तर ७८-८०. आणि मे महिन्यात, अवघ्या सहा महिन्यांनी, ९० च्या घरात असशील.

डॉक्टर म्हणतात, "साठ टक्के उतरेल," आणि तिथेच घोटाळा होतो. आपण लगेच ११२ चे साठ टक्के काढतो. ते साठ टक्के जादा वजनाचे असतात. तुझ्या उंचीला ६२ किलो धरले तर जादा ५०, त्याचे साठ टक्के ३०. बघ, हिशोब फिरून तिथेच आला. माझं हेच ऑपरेशन झालं तेव्हा एका समुपदेशकाने मला "निम्म्या व्हाल" असं सांगितलं होतं. मी ११८ किलोची. निम्मं म्हणजे ५९, ते डोक्यात धरून मी सव्वा वर्ष स्वतःला दोष देत बसले. सोळाव्या महिन्यात ८२ वर आले, तेव्हा आनंदाने नाचायचं सोडून रडले होते. ते रडणं तुझ्या वाट्याला येऊ नये म्हणून ही सगळी आकडेमोड.

पहिले पंधरा दिवस झरझर उतरेल. त्यात बरंचसं पाणी असतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काटा अडकतो, जवळजवळ सगळ्यांचाच. माझा अकरा दिवस हलला नाही. मी दिवसातून चार वेळा वजन करायचे. आमची पडवी उताराची, काटा भिंतीकडे सरकवला की दीड किलो कमी दाखवायचा, आणि मी तो भिंतीकडे सरकवायचे. तू आठवड्यातून एकदाच कर, त्याच दिवशी, त्याच फरशीवर, सकाळी उठल्याउठल्या. कमरेचं मापही लिहून ठेव. काटा थांबलेला असतानाही टेप सरकते.

आणि दुसऱ्या कुणाशी तुलना नको. माझ्याच दिवशी ऑपरेशन झालेले एक गृहस्थ वर्षात पंचावन्न किलो उतरले. पण ते पुरुष, सुरुवातीला १६० चे, आणि त्यांचा बायपास. माझ्याशी त्यांचा ताळा लागणारच नव्हता.

आता जे कुणी आधी सांगत नाही, ते. दोन वर्षांनंतर थोडं वजन परत येतं. स्वीडनमध्ये १९८७ पासून एक मोठा अभ्यास झाला. त्यात बायपास केलेल्यांचं सरासरी ३२ टक्के वजन उतरलं आणि दहा वर्षांनी २५ टक्क्यांवर स्थिरावलं. म्हणजे थोडं परत येणं हे अपयश नव्हे, शरीराची तीच रीत आहे. ऑपरेशनला आठ वर्षं झाली, मी आज ८८ वर आहे. ८२ वर चढलेल्या या सहा किलोंतले निदान तीन मात्र माझ्या हाताने आले, आणि कसे ते तुला माहीत हवं. ते आले मे महिन्यातून. लहान झालेल्या पोटात बांगड्याचा तुकडा अडतो, भाकरी अडते, चार घासांत पुरे होतं. आमरस अडत नाही. तो सरळ घसरून जातो. वाटी संपते आणि पोट भरल्याची काही खूणच नसते. तसंच नारळाच्या रसातल्या शिरवाळ्यांचं, खाजाचं, चहात बुडवलेल्या खारीचं. मी जेवण चिमणीएवढं जेवत होते आणि दोन जेवणांच्या मधे हे चालू होतं. तू हापूसची फोड खा, चावून, जेवणानंतर. रस नको.

ताटात आधी मासा, मग भाजी, जागा उरली तर भात. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन लागतं, आणि शंभर ग्रॅम बांगड्यात १९-२० ग्रॅम असतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा अंडी, पनीर, मूग यांची सोय आधीच करून ठेव. सुक्या बांगड्यावर दिवस काढू नकोस, मिठाने तहान लागते आणि जेवताना पाणी प्यायचं नसतं. कुळथाची पिठी चांगली, पण पातळ करून नुसती प्यायलीस तर प्रोटीन फारसं मिळणार नाही. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व, या गोळ्या जन्मभराच्या. तिसऱ्या महिन्यापासून केस गळतील, पुन्हा येतील. पोटाची, दंडाची कातडी लोंबेल, ती व्यायामाने पूर्ण जात नाही.

लग्नाचं स्पष्टच बोलते. वजन उतरू लागलं की पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते. पण ऑपरेशननंतर बारा ते अठरा महिने मूल नको, असं डॉक्टर सांगतात. हे होणाऱ्या नवऱ्याला आत्ताच सांग. कोणतं साधन वापरायचं ते डॉक्टरांना विचार, अंदाजाने गोळ्या घेऊ नकोस. आणि जी माणसं साखरपुड्यात तुझ्या दंडाकडे बघत होती, तीच मे महिन्यात मांडवात म्हणतील, "आजारी दिसतंस गो." त्यांचं ऐकून ताट वाढवू नकोस.

मला या आठ वर्षांत काय मिळालं विचारशील तर ८८ हे उत्तर नाही. शुगरची गोळी सुटली. देवळाकडची घाटी मी आता न थांबता चढते. पूर्वी मधल्या फणसाखाली बसायचे, आणि मुलं समजायची की बाई समुद्र बघतायत.

पेजेची निवळ कशी काढायची ते ऑपरेशनआधी आईला दाखवायला मी येईन. पहिल्या आठवड्यात औषधाच्या बाटलीच्या झाकणाने घोट-घोट घ्यायची असते, आणि आईचा हात वाटीकडे जाणारच. तारीख पक्की झाली की कळव. आरशावरचा कागद काढलास की तेही सांग.

तुझी,
बाई