वाचकांचे प्रश्न : जुन्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचे सुटे भाग

प्रश्न : माझ्याकडे साठच्या दशकातला फेंडर ट्विन रिव्हर्ब हा गिटारचा अ‍ॅम्प आहे. त्याच काळातले, कधीच न वापरलेले, खोक्यातले फिल्टर कॅपॅसिटर (वीजपुरवठ्यातली गुणगुण गाळणारे) मिळत आहेत. मूळ आवाज टिकावा म्हणून तेच बसवावेत का?

उत्तर : अजिबात बसवू नका. हे इलेक्ट्रोलिटिक प्रकारचे असतात, आणि असा कॅपॅसिटर खोक्यात राहिला म्हणून नवा राहत नाही. त्याच्या अ‍ॅल्युमिनियम पत्र्यावरचा ऑक्साइडचा पातळ थर व्होल्टेज मिळत राहिलं तरच शाबूत राहतो. वर्षानुवर्षं पडून राहिला की थर विरत जातो, आतला द्रवही सुकतो. असा कॅपॅसिटर चालू केल्यावर गळती करतो, तापतो, आणि शॉर्ट झाला तर पॉवर ट्रान्सफॉर्मरही सोबत नेतो. म्हणजे ज्याला मूळ ठेवण्यात खरोखर अर्थ आहे तोच भाग गमावून बसाल.

ट्विन रिव्हर्बच्या एबी७६३ सर्किटमध्ये चासीवरच्या पत्र्याच्या झाकणाखाली पाच कॅपॅसिटर असतात. ७० मायक्रोफॅरड, ३५० व्होल्टचे दोन सिरीजमध्ये, आणि २० मायक्रोफॅरडचे तीन. पहिल्या दोघांच्या जागी ८० किंवा १०० मायक्रोफॅरड, ३५० व्होल्टचे चालतात. उरलेल्या तिघांसाठी २२ मायक्रोफॅरड, ५०० व्होल्टचे घ्या. सिरीजमधल्या प्रत्येक कॅपॅसिटरला समांतर २२० किलोओहमचा रेझिस्टर असतो, तोही मोजा. दोघांत तफावत पडली तर व्होल्टेज सारखं वाटलं जात नाही आणि एकावर जास्त भार येतो. ट्विनमध्ये रेक्टिफायर म्हणून (एसीचं डीसी करायला) डायोड आहेत, म्हणून पहिल्या टप्प्यावर थोडी वाढ खपते. जीझेड३४ हा रेक्टिफायर व्हॉल्व्ह असलेल्या अ‍ॅम्पमध्ये मात्र पहिला कॅपॅसिटर ६० मायक्रोफॅरडच्या वर नेऊ नये.

सर्वांत जास्त चूक होते ती बायसच्या (आउटपुट व्हॉल्व्हचा प्रवाह ठरवणाऱ्या व्होल्टेजच्या) छोट्या कॅपॅसिटरवर. तो सप्लाय ऋण असतो, त्यामुळे कॅपॅसिटरचं अधिक टोक अर्थला जातं. सवयीने उलटा लावला की बायस पडतो आणि आउटपुट व्हॉल्व्हच्या प्लेटा लाल होतात.

चासीत हात घालण्याआधी प्लग काढा आणि स्टँडबायचा स्विच ‘ऑन’वर, म्हणजे वाजवतानाच्या स्थितीत ठेवा. मग १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने अर्थ आणि प्रत्येक फिल्टर कॅपॅसिटरच्या अधिक टोकादरम्यान काही सेकंद धरा, आणि मीटरवर शून्य दिसल्याखेरीज पुढे जाऊ नका. इथे साडेचारशे व्होल्टच्या आसपास असतात. काम झाल्यावर पहिल्यांदा सिरीज बल्बवरच (मेन्सच्या वाटेत बल्ब जोडून) चालू करा.

कपलिंग कॅपॅसिटरची (डीसी अडवून फक्त सिग्नल पुढे सोडणाऱ्यांची) गोष्ट वेगळी. निळे मोल्डेड कॅपॅसिटर बहुधा ठणठणीत असतात, केवळ जुने म्हणून कापू नका. शंका असेल तर व्हॉल्व्हच्या प्लेटकडचं टोक तसंच ठेवून पुढचं टोक सोडवा, अ‍ॅम्प चालू करून त्या मोकळ्या टोकावर अर्थच्या संदर्भाने डीसी मोजा. क्षणभर काटा हलेल, मग जवळपास शून्यावर यायला हवा. काही व्होल्ट तिथेच ठाण मांडून बसले तर कॅपॅसिटर गळतोय. पुष्कळदा व्हॉल्यूमचा खरखराट यामुळेच होतो, आणि लोक बिचारा मूळ पोटेन्शिओमीटर बदलून मोकळे होतात.

प्रश्न : फेंडर डिलक्स रिव्हर्बचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळला असं मेकॅनिक म्हणतो. अस्सल कसा शोधू, आणि मिळालेला अस्सल आहे हे कसं ओळखू?

उत्तर : आधी तो खरंच जळलाय का ते बघा. नुसता ओहम मोजून निकाल देतात, तो फसवा असतो. प्रायमरीच्या (व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीच्या) दोन अर्ध्या भागांत दहा-वीस ओहमचा फरक असणं दोष नाही. बाहेरचा वेढा मोठा असल्याने तार जास्त लागते, इतकंच.

नीट तपासायचं तर सगळ्या तारा सोडवा आणि सेकंडरीला (स्पीकरकडच्या गुंडाळीला) नेमका १ व्होल्ट एसी द्या. निळ्या आणि तपकिरी तारेमध्ये सुमारे २८ ते २९ व्होल्ट दिसले पाहिजेत. या आकड्याचा वर्ग करून स्पीकरच्या ८ ओहमने गुणलं की साधारण ६,६०० ओहम येतात, आणि या अ‍ॅम्पला तेच हवे असतात. आकडा फारच कमी आला किंवा १ व्होल्टचा सप्लायच दबला, तर आत वेढे शॉर्ट आहेत. हाताशी व्हॉल्व्हच्या हीटरचा ६.३ व्होल्टचा सप्लाय आहे म्हणून तो जोडू नका. पलीकडे १८० व्होल्ट उभे राहतात.

अस्सलपणासाठी ट्रान्सफॉर्मरवरचा शिक्का वाचा. ६०६ म्हणजे शूमाकर कंपनी. ६०६-५-३५ असं असेल तर वर्षाचा शेवटचा अंक ५ आणि पस्तिसावा आठवडा. दशक लिहिलेलं नसतं, ते मॉडेलवरून ठरवावं लागतं. मग पोटेन्शिओमीटरच्या पाठीवर बघा : १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३७६५२० हा सीटीएसचा १९६५ मधला विसावा आठवडा. स्पीकरवर २२० असेल तर जेन्सन, ४६५ असेल तर ऑक्सफर्ड. सगळ्या तारखा वर्षभराच्या आत जुळणं स्वाभाविक आहे. पोटेन्शिओमीटर गठ्ठ्याने घेतले जात, त्यामुळे ते थोडे आधीचे निघाले तर बिचकू नका. पण ट्रान्सफॉर्मर बाकीच्यांपेक्षा चार वर्षांनी नवा निघाला, तर तो नंतर बदललेला आहे.

शोध घेताना मॉडेलच्या नावाने नव्हे, ट्रान्सफॉर्मरवरच्या भाग-क्रमांकाने घ्या. एकच ट्रान्सफॉर्मर अनेक मॉडेलांत वापरलेला असतो, त्यामुळे शोधाचं क्षेत्र वाढतं. विक्रेत्याकडे शिक्क्याचा जवळून फोटो मागा, बसवायच्या भोकांमधलं अंतर आणि गाभ्याच्या लोखंडी पट्ट्यांच्या थराची जाडी मिलिमीटरमध्ये मागा, आणि वरची चाचणी करून पाठवायला सांगा. खळखळ करणारा विक्रेता सोडून द्या.

नाहीच मिळाला तर आमच्या मते जुना पुन्हा गुंडाळून घेणं हा नवी नक्कल घेण्यापेक्षा चांगला मार्ग आहे. मूळ पट्ट्या, आवरण आणि शिक्का तसेच राहतात.

बसवताना लाल तार प्रायमरीच्या मधल्या टॅपची, निळी आणि तपकिरी प्लेटांच्या, हिरवी स्पीकरची, काळी अर्थची. चालू करताच अ‍ॅम्प किंचाळायला लागला तर निळी-तपकिरीची अदलाबदल करा. फीडबॅक उलटा लागलेला असतो. आणि स्पीकर न जोडता अ‍ॅम्प वाजवू नका, जुने ट्रान्सफॉर्मर असेच जळतात.

प्रश्न : रिव्हर्ब टँक (घुमारा देणारा स्प्रिंगांचा डबा) बदलला, पण रिव्हर्ब अगदीच मिणमिणता येतो.

उत्तर : टँकचा कोड बघा. या फेंडर अ‍ॅम्पना ४एबी३सी१बी लागतो. दुसऱ्या जागेवरचं ‘ए’ म्हणजे इनपुटचा इम्पीडन्स (एसीला होणारा विरोध) ८ ओहम. तिथे दुसरं अक्षर असेल तर टँक वेगळ्या सर्किटचा आहे, आणि दिसायला तंतोतंत सारखा असूनही क्षीणच वाजणार. मीटर डीसी रोध दाखवतो, त्यामुळे त्यावर इनपुट साधारण १ ओहम आणि आउटपुट सुमारे २०० ओहम दिसलं पाहिजे. आउटपुट उघडं दाखवत असेल तर बहुतेक वेळा केसासारखी बारीक तार सॉकेटपाशी तुटलेली असते. ती सोल्डर करता येते, जुना टँक त्यासाठी फेकू नका.

प्रश्न : जुने मुलार्ड कंपनीचे व्हॉल्व्ह म्हणून विकतात ते खरे कसे ओळखायचे?

उत्तर : काचेवर छापलेल्या नावावर जाऊ नका. नाव पुन्हा छापता येतं, आणि खऱ्या व्हॉल्व्हवरचं बोटाने पुसलंही जातं. काचेच्या खालच्या भागात कोरल्यासारखा दोन ओळींचा छोटा कोड असतो, तो तिरप्या प्रकाशात वाचा. दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीचं ‘बी’ म्हणजे मुलार्डचा इंग्लंडमधला ब्लॅकबर्नचा कारखाना. त्या कारखान्यातले व्हॉल्व्ह इतर कंपन्यांच्या नावानेही विकले जात, तेव्हा अनोळखी नावाखाली हा कोड सापडला तर खुशाल घ्या.

प्रश्न : काढलेले जुने भाग ठेवायचे का?

उत्तर : हो, सगळे. प्रत्येकाला जागा लिहिलेली चिठ्ठी लावा, पिशवीत घाला आणि पिशवी कॅबिनेटच्या आत तळाशी, स्पीकरच्या चुंबकापासून दूर चिकटवा. पुढचा मालक आधी तीच मागतो.