लेपर्ड गेको आणि व्हाइट्स ट्री फ्रॉग: बायोॲक्टिव्ह की कृत्रिम?

तुम्ही दोन प्राण्यांबद्दल एकत्र विचारलंय. लेपर्ड गेको या पाळीव पालीचं पिल्लू नुकतंच घरी आलंय, व्हाइट्स ट्री फ्रॉग या झाडावरच्या बेडकांची जोडी यायची आहे. दोघांना जिवंत माती-झाडांचा बायोॲक्टिव्ह टँक करावा, की कागद, फरशी आणि प्लास्टिकच्या वेली पुरतील? शिवाय 'बायोॲक्टिव्ह एकदा लावला की साफसफाईची कटकट संपली' हे खरं का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक जण त्याच आशेने मातीत हात घालतात. नाही, संपत नाही. विष्ठा मातीवर पडली की आयसोपॉड (मातीत राहणारे कवचाचे छोटे जीव) तिचे तुकडे करतात, स्प्रिंगटेल (त्याहून बारीक, उड्या मारणारे जीव) तिच्यावर आलेली बुरशी खातात, मातीतले जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात आणि ते झाडांची मुळं ओढून घेतात. ही साखळी खरी आहे आणि चालते, पण तिची एक कुवत आहे. छोट्या टँकमध्ये मोठा प्राणी ठेवलात तर माती हरते. गेकोच्या विष्ठेसोबत येणारा पांढरा भाग म्हणजे युरिक ॲसिड. ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे दगडावर किंवा फांदीवर पडलं तर तिथेच वाळून चिकटतं. ते तुम्हालाच खरवडावं लागतं. काच पुसणं, पाण्याचं भांडं रोज धुणं, वाढलेल्या वेली छाटणं, कुजून संपलेला पालापाचोळा पुन्हा भरणं हे सगळं आहेच. बायोॲक्टिव्हमध्ये काम कमी होत नाही, वेगळं होतं. मला ते काम आवडतं. तुम्हाला झाडांची आवड नसेल तर हा टँक वर्षभरात चिखल होऊन बसेल, हे आत्ताच सांगून ठेवतो.

आता गेको. पिल्लू नवीन आहे ना? मग सध्या माती नाही, झाडं नाहीत, सफाईचे किडे नाहीत. पेपर टॉवेल, गरम बाजूला एक आणि थंड बाजूला एक अशा लपायच्या दोन जागा, ओलं मॉस घातलेला तिसरा डबा, पाण्याचं भांडं. बस. निदान दोन-तीन महिने असंच ठेवा. यात कंजूषपणा नाही, कागदावर सगळं दिसतं एवढंच कारण आहे. लेपर्ड गेको शक्यतो एकच कोपरा धरून तिथेच शी करतो. रोज सकाळी तो कोपरा बघा: घट्ट तपकिरी कांडी आणि टोकाला पांढरा खडा, म्हणजे ठीक. पातळ, उग्र वासाची, किंवा न पचलेले झुरळाचे-नाकतोड्याचे पाय तसेच बाहेर आलेले, म्हणजे नमुना घेऊन सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जा. या जातीत क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी सापडतो. खाऊनही प्राणी वाळत जातो, जाडजूड शेपटी काडीसारखी होते. त्यावर खात्रीचा इलाज नाही, आणि त्याची अंडीवजा कवचं नेहमीच्या ब्लीचलाही दाद देत नाहीत. कागदाच्या टँकमध्ये असं निघालं तर कागद टाकता येतो, डबे बदलता येतात. बायोॲक्टिव्हमध्ये निघालं तर माती, झाडं, लाकूड, किडे, सगळं फेकावं लागतं. माती निर्जंतुक केली तर ती बायोॲक्टिव्ह उरत नाही.

तपासणी स्वच्छ आली, वजन वाढतंय, कात पायाच्या बोटांपर्यंत नीट निघतेय, की मग पुढचा विचार. इथे माझं मत थोडं वेगळं आहे: लेपर्ड गेकोला बायोॲक्टिव्हची गरज नाही, पण खणायला मातीची गरज आहे. कोरड्या प्रदेशातला प्राणी आहे तो. नुसती मोकळी वाळू नको, आणि 'कॅल्शियमची वाळू' म्हणून रंगीत पुड्यांत मिळते ती तर अजिबात नको. खत न घातलेली साधी माती आणि थोडी वाळू ओली करून दाबा आणि पूर्ण सुकू द्या. टणक जमीन तयार होते. मातीने आतडं तुंबतं अशी भीती सर्रास घातली जाते. तुंबतं हे खरं, पण बहुधा मुळात तापमान कमी असतं, कॅल्शियम कमी पडलेलं असतं किंवा प्राण्याला पाणी पुरेसं मिळत नसतं. गरम बाजूच्या दगडाचा पृष्ठभाग साधारण 32 ते 34 अंश असेल तर पचन चालू राहतं. तो हाताने चाचपून ठरवू नका, इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या.

त्यातच सफाईचे किडे सोडायचे असतील तर अडचण ओलाव्याची. आयसोपॉड कल्ल्यांसारख्या अवयवांनी श्वास घेतात, पूर्ण कोरड्यात मरतात. स्प्रिंगटेल त्याहून नाजूक. म्हणून थंड बाजूचा एक कोपरा खालून ओला ठेवावा लागतो: मातीत उभी नळी खोचायची आणि पाणी तिच्यातून तळाशी सोडायचं, वरची माती कोरडीच राहिली पाहिजे. पावडर ब्लू किंवा पावडर ऑरेंज जातीचे आयसोपॉड अशा ठिकाणी तग धरतात. डेअरी काऊ नावाचे आयसोपॉड दिसायला सुंदर, पण प्रथिनांसाठी हावरे. कात टाकणाऱ्या प्राण्याला कुरतडण्याचा धोका असतो, त्यांना इथे घेऊ नका. झाडं म्हणाल तर स्नेक प्लांट, हॉवर्थिया. तीही कुंडीसकट पुरलेली बरी, म्हणजे मेली तर उचलून बदलता येतात.

बेडकांचं गणित उलटं. बेडूक पाणी पितो ते पोटाच्या आणि मांड्यांच्या कातडीतून, आणि जे पाणी आत घेते तीच कातडी अमोनिया, क्लोरिन, साबणाचा अंशही आत घेते. त्यामुळे कृत्रिम टँकमध्ये कागद रोज बदलावा लागतो, आणि प्लास्टिकची पानं धुतल्यावर साबणाचा किंवा जंतुनाशकाचा वास पूर्ण जाईपर्यंत खळखळून धुवावी लागतात. एक-दोन दिवस आळस केला तर तो बेडकाच्या अंगाला भिडतो. जिवंत माती इथे खरोखर कामाला येते: ओलावा धरते आणि घाण साचून राहू देत नाही. बेडकांसाठी मी बायोॲक्टिव्हच्याच बाजूने आहे.

मात्र व्हाइट्स ट्री फ्रॉग हा नाजूक पाहुणा नव्हे. दहा सेंटिमीटरपर्यंत वाढतो, खादाड असतो, रात्री धपाधप उड्या मारतो आणि शी बऱ्याचदा पाण्याच्या भांड्यातच करतो. चित्रात दिसतात तशा नाजूक फर्नच्या टँकमध्ये जोडी सोडली तर आठवड्यात सगळं लोळागोळा. जाड देठांची झाडं घ्या: पोथोस (मनीप्लांट), सिंगोनियम, मजबूत ब्रोमेलियाड. फांद्या बेडकाचं वजन पेलतील अशा घट्ट बसवा. आणि हा बेडूक सतत चिंब टँकमधला नाही. दिवसातून एकदा फवारा, मग हवा खेळून पानं सुकली पाहिजेत. कोंदट, कायम ओल्या टँकमध्ये कातडीला संसर्ग होतो.

टँक भरताना तळाशी भाजलेल्या मातीच्या गोळ्यांचा निचऱ्याचा थर, त्यावर जाळी, मग माती, वर भरपूर पाचोळा. जाळी विसरू नका: खडा तोंडात मावला तर बेडूक तो गिळतो, म्हणून गोळ्या वर येताच कामा नयेत. पाचोळाही तेवढाच महत्त्वाचा, किड्यांवर झडप घालताना मातीचा घास जात नाही आणि आयसोपॉडांचं ते जेवण आहे. बाजूच्या काचेतून निचऱ्याच्या थरातलं पाणी बघत राहा. ते मातीला टेकलं तर नळीने काढून टाका. सडक्या अंड्यासारखा वास आला तर खाली हवा पोचत नाहीये. चांगल्या मातीला पावसानंतरच्या जंगलासारखा वास येतो. झाडं नर्सरीतून आणलीत तर मुळांची माती धुऊन टाका, खताचे दाणे वेचा आणि काही आठवडे वेगळी ठेवा. पानांवर कीटकनाशक असेल तर आधी किडे मरतात, मग बेडूक.

हे सगळं लावल्यावर प्राणी सोडायची घाई नको. चार-सहा आठवडे मुरू द्या. मधे लाकडावर पांढरी बुरशी उगवेल आणि तुम्ही घाबराल. स्प्रिंगटेल पुरेसे असतील तर ती ओसरते. झाडांना साधारण 6500 केल्विनचा पांढरा एलईडी द्या. तो प्राण्याच्या यूव्हीबी (अतिनील किरणांच्या) दिव्याची जागा घेत नाही, दोन्ही वेगळे.

बेडूकही आधी साध्या डब्यात, ओल्या कागदावर, गेकोपासून वेगळ्या खोलीत ठेवता आले तर उत्तम. चिमटे, भांडी, फवारणीची बाटली प्रत्येकाची स्वतंत्र. बेडकांच्या कातडीची कायट्रिड बुरशी ओल्या वस्तूंवरून सहज पसरते. तिची तपासणी कातडीवर बोळा फिरवून होते. पशुवैद्याकडे जाल तेव्हा तीही करून घ्या.

या महिन्यात काय करायचं म्हणाल, तर टँक विकत घेऊ नका. दोन झाकणाचे डबे घ्या: एकात ओला लाकडी कोळसा आणि स्प्रिंगटेल, चिमूटभर तांदळाचे दाणे. दुसऱ्यात माती, पाचोळा आणि आयसोपॉड. प्राण्यांना साध्या डब्यात वेगळं ठेवून तपासायचा काळ संपेपर्यंत दोन्ही वस्त्या भरतील. टँकमध्ये अर्ध्याच सोडा आणि उरलेल्या तशाच चालू ठेवा, कारण पहिल्या वर्षी एकदा तरी पुन्हा भर घालावी लागते.