रस्त्याकडेच्या खानावळीचा माग

प्रश्न : पुणे–सोलापूर रस्त्यावर मोहोळ आणि बाळे यांच्या दरम्यान एका कुटुंबाची खानावळ होती. १९८०च्या दशकात वडिलांबरोबर ट्रकमधून येता-जाता आम्ही तेथे शेंगाभाजी, कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात असू. रांधणारी आणि वाढणारी माणसे घरचीच होती. आज त्या जागी सेवारस्ता आहे आणि खानावळीचे नावही कोणाला आठवत नाही. ती का बंद पडली असावी आणि तिचा इतिहास कोठे शोधावा?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपण हा शोध खाद्यसंस्कृतीवरील लेखनापासून सुरू करू नये, असे आमचे मत आहे. अशा खानावळींची उधारीची वही घराबरोबरच जाते आणि पाटी रंगवणाऱ्याखेरीज त्यांच्याविषयी कोणी काही लिहिलेले नसते. त्यांची नोंद राहते ती जमिनीच्या आणि रस्त्याच्या कागदांत.

एक गल्लत आधी दूर करू. सोलापूर शहरातल्या जुन्या खानावळी गिरण्यांच्या आधाराने वाढल्या. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली, पुढे नरसिंग गिरजी, विष्णू आणि लक्ष्मी या गिरण्या आल्या, आणि पाळीच्या भोंग्यावर जेवणारा, महिन्याचे पैसे देणारा कामगार हे त्या खानावळींचे गिऱ्हाईक होते. आपण म्हणता ती खानावळ त्या प्रकारची नाही. तिचे गिऱ्हाईक रस्त्याने येई आणि रस्त्यानेच निघून जाई, त्यामुळे तिचे नशीबही रस्त्याशीच बांधलेले होते.

हा रस्ता तेव्हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९ म्हणून ओळखला जात होता (२०१०च्या फेरक्रमांकनानंतर तो ६५ झाला). पुण्याहून सोलापूरमार्गे हैदराबाद-विजयवाड्याकडे जाणारी अवजड वाहतूक त्यावरून होत असे. रस्ता दुपदरी असल्यामुळे पुण्याकडून येणारा आणि सोलापूरहून निघालेला, असे दोन्ही ट्रकवाले एकाच लिंबाखाली गाडी लावू शकत. चौपदरीकरणात मध्ये दुभाजक आला आणि पलीकडच्या बाजूच्या गाडीला खानावळ समोर दिसत असूनही पुढे जाऊन वळून यावे लागू लागले. भुकेला चालक एवढे कष्ट घेत नाही, तो पुढच्या ढाब्यावर थांबतो. अर्धे गिऱ्हाईक असे गेले. त्यातच अंगण, बाजा टाकण्याची जागा आणि पाण्याचा हौद रुंदीकरणाच्या पट्ट्यात गेला, तर मागे केवळ स्वयंपाकघर उरते. याच रस्त्यावरच्या लांबोटीचा मक्याचा चिवडा पुडीत बांधून नेता येतो. तव्यावरून ताटात येणारी भाजी तशी नेता येत नाही, हाही फरक लक्षात घ्यावा.

आता कागदांविषयी. महामार्गासाठी जमीन घेताना राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ मधील कलम ३ए खाली अधिसूचना निघते आणि तिचा सारांश दोन स्थानिक वृत्तपत्रांत, त्यांपैकी एका स्थानिक भाषेतील वृत्तपत्रात, प्रसिद्ध करावा लागतो. म्हणून चौपदरीकरणाच्या वर्षांतील सोलापूरच्या मराठी दैनिकांचे अंक चाळावेत. ते हिराचंद नेमचंद वाचनालयात आहेत का, याची चौकशी करावी. त्या सूचनेत गावाचे नाव आणि गट क्रमांक मिळाला की तलाठ्याकडून सातबारा आणि जुने फेरफार काढता येतात. भूसंपादनाच्या संयुक्त मोजणीची पत्रके तर आवर्जून मागावीत, कारण त्यांत बांधकामे, विहिरी आणि झाडे यांचीही नोंद घेतलेली असते. ज्या लिंबाखाली आपण जेवलात, तो तेथे कदाचित एका ओळीत सापडेल. प्रती सहज मिळाल्या नाहीत, तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करता येतो.

जागा भाड्याची असल्यास सातबाऱ्यावर खानावळवाल्याचे नाव असणार नाही. तेथे ग्रामपंचायतीचा नमुना क्रमांक ८, म्हणजे कर आकारणीची नोंदवही, उपयोगी पडते, कारण तिच्यात मालक आणि भोगवटादार या दोघांची नावे वेगवेगळी लिहिलेली असतात.

एक गोष्ट मात्र यांपैकी कोणताही कागद सांगणार नाही. ‘घरची माणसेच रांधत’ असे आपण कौतुकाने लिहिले आहे. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की घरातल्या बायका पहाटेपासून रात्री शेवटचा ट्रक जाईपर्यंत चुलीपुढे बसत आणि त्याबद्दल त्यांच्या हाती पगार पडत नसे. दुभाजक हे अशा खानावळी बंद पडण्याचे एक कारण आहे, पण सुनेने किंवा लेकीने ‘आता हे होणार नाही’ असे म्हटले असणे, हेही तितकेच खरे कारण असू शकते, आणि त्यात हळहळण्यासारखे आम्हांला काही वाटत नाही.

म्हणून गट क्रमांकावरून कुटुंब सापडल्यावर गल्ल्यावर बसणाऱ्या मुलाकडेच जाऊन थांबू नये. त्या घरातल्या लेकी कोणत्या गावी दिल्या, ते विचारून त्यांना भेटावे. दिवसाला किती ज्वारी दळून येई, कडक भाकऱ्या किती दिवस आधी करून ठेवत, चटणी उखळात कोण कुटत असे आणि कोणत्या दिवाळीनंतर चूल पेटली नाही, हे त्यांना विचारावे. खानावळीचे नावही त्यांनाच आठवत असेल.