सगळे रिपोर्ट नॉर्मल असूनही बरे वाटत नसेल, तर आरोग्य कशावरून ओळखावे?

वजन, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल सगळे मर्यादेत आहे, मनगटावरचे घड्याळ रोज दहा हजार पावले दाखवते, तरीही सकाळी उठावेसे वाटत नाही, मग मोजायचे राहिले तरी काय, असे तुम्ही विचारले आहे. तुमचे रिपोर्ट चुकीचे आहेत असे मी म्हणणार नाही. त्यांना जेवढे विचारले, तेवढेच ते सांगतात. दहा हजारांचा आकडा १९६५ साली जपानमध्ये विक्रीला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावामुळे रूढ झाला, आणि वजन व उंची यांवरून काढल्या जाणाऱ्या बीएमआयचे सूत्र ज्या बेल्जियन गणितज्ञ केतले यांच्याकडून आले, त्यांना एकोणिसाव्या शतकात लोकसमूहातील सरासरी माणसाचे वर्णन करायचे होते, एखाद्या व्यक्तीची प्रकृती तपासायची नव्हती. उलट जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ पासून लागू असलेल्या घटनेत आरोग्याची जी व्याख्या आहे, तिच्यात शरीराच्या बरोबरीने मानसिक आणि सामाजिक सुस्थितीचाही समावेश आहे.

हे मला कळले ते माझ्या काकीमुळे. मालवण तालुक्यातल्या आमच्या घरी काकांच्या पश्चात ती एकटीच राहते. मुलगा मुंबईला, गणपतीला आणि मे महिन्यात येणारा. तिचा मधुमेह गोळ्यांनी आटोक्यात होता, रक्तदाबही ठीक होता, आणि फोनवर विचारले की ती म्हणायची, "बरी आसंय, पण बरां वाटणां नाय." आम्ही त्यातला पहिला अर्धाच भाग ऐकत होतो. त्या वर्षी मे महिन्यात मी गेलो, तेव्हा परसातल्या झाडाखाली रातांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा, लाल चिखल झाला होता आणि त्यावर मुंग्या चढल्या होत्या. जिने आयुष्यात एक रातांबा वाया जाऊ दिला नव्हता, तिने दोन वर्षे आमसुले केलीच नव्हती. संध्याकाळच्या भजनाला जाणे त्याआधीच सुटले होते, आणि एकटीसाठी काय रांधायचे म्हणून रात्री पेजेवरच भागत होते. यातले काहीच तिच्या फाइलमध्ये नव्हते.

आमसुले हे एकट्याचे काम नव्हे. रातांबे फोडायचे, बिया वेगळ्या काढायच्या, साली मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या, आणि हे सगळे पहिला पाऊस येण्याआधी उरकायचे. म्हणून मी शेजारच्या दोघींना बोलावले आणि पडवीत पाट मांडले. पहिल्या दिवशी काकी नुसती बसून होती. तिसऱ्या दिवशी मीठ कमी पडले म्हणून तिने मला सर्वांसमोर झापले, आणि मला फार बरे वाटले. पुढच्या तपासणीत साखरेचा आकडा जवळपास होता तिथेच होता. मात्र ती रात्री सलग झोपू लागली होती आणि भजनाला पुन्हा जाऊ लागली होती.

तेव्हा तुम्ही आणखी एखादे यंत्र घेण्याआधी, गेल्या सहा महिन्यांत तुमच्या हातून काय काय सुटले ते कागदावर लिहा: कोणाकडे जाणे थांबले, कोणते काम नकोसे झाले, जेवण कोणाबरोबर होते, काळजीची गोष्ट शेवटची कोणाजवळ बोललात. डॉक्टरही नैराश्याची चाचपणी करताना गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटला का, हे आधी विचारतात आणि मग झोप, थकवा, भूक यांकडे वळतात. त्यामुळे तो कागद घेऊनच त्यांच्याकडे जा, आणि हिमोग्लोबिन, थायरॉइड व बी-१२ तपासले गेले आहे का, हेही विचारून घ्या, कारण थकव्याचे मूळ तिथेही असू शकते. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर मात्र थांबू नका. टेलि-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही विनाशुल्क बोलता येते, मराठीतूनही.